मालधक्क्याच्या जागी नवे नगर

ग्वाल्हेरच्या रहिवाशांस छोट्या रुळांच्या गाडीची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत घातलेल्या, अवघ्या दोन फूट रुंदीच्या त्या मार्गावरून श्योपुरापर्यंत सुमारे 200 किलोमीटर ही गाडी धावत असे. 2020 साली ती थांबली आणि त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु गाडी गेली म्हणून जागा कोठे जाते? शहरातील रुळांची अरुंद पट्टी, फलाट, शेडी, गोदामे हे सर्व मागे राहतेच. अशा जागेचे पुढे काय करावे, हा प्रश्न आमच्या मनात आला आणि जगात इतरत्र लोकांनी काय केले हे पाहण्याची जिज्ञासा उत्पन्न झाली. तेव्हा लंडन शहरातील किंग्ज क्रॉस या भागाची हकीकत आमच्या वाचनात आली. ती बोधप्रद आहे, आणि सर्वस्वी गोडही नाही. म्हणूनच ती विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

प्रथम ही जागा जन्मास कशी आली ते पाहू. लंडनच्या उत्तरेकडील या भागातून 1820 साली रीजंट नावाचा कालवा पुरा झाला. कालव्यातून मालाच्या होड्या येऊ लागल्या आणि 1824 मध्ये त्याच्या काठी गॅसचा कारखाना निघाला. पुढे आगगाडी आली. 1852 मध्ये किंग्ज क्रॉस स्थानक उघडले आणि 1868 मध्ये त्याच्या शेजारीच सेंट पॅन्क्रस हे दुसरे प्रचंड स्थानक उभे राहिले. या दुसऱ्या स्थानकाचे लोखंडी छप्पर मध्ये एकही खांब न घेता सुमारे 240 फूट रुंदी व्यापते. प्रवाशांना दिसत ती ही दोन स्थानके. त्यांच्या मागे पसरले होते लंडनच्या पोटापाण्याचे खरे कोठार.

ते कोठार कसे चाले हे समजून घेण्याजोगे आहे. लिंकनशर परगण्यातला गहू आगगाडीने येई आणि 1852 मध्येच बांधलेल्या सहा मजली धान्यकोठारात साठवला जाई. इमारतीच्या तळापर्यंत कालव्याचे पाणी आणलेले होते. त्यामुळे रुळांवरून आलेले धान्य होडीत किंवा घोडागाडीत चढवून शहरातील रोटीवाल्यांकडे रवाना करता येई. माल ओढणाऱ्या घोड्यांचे तबेले फलाटांच्या खालीच होते. जवळच कोळशाच्या लांबलचक दुमजली वखारी होत्या. उत्तरेकडील खाणींतून आलेल्या वाघिणी वरच्या मजल्यावरील रुळांवर उभ्या करीत. वाघिणीच्या तळाची झडप उघडली की कोळसा आपोआप खालच्या कोठीत पडे. तेथून तो पोत्यांत भरून गाड्यांवर लादत. माल खाली उतरविण्याचे निम्मे काम येथे गुरुत्वाकर्षणच करी.

गॅसच्या टाक्यांची रचनाही अशीच युक्तीची. पाण्याच्या कुंडात पातेले उपडे ठेवून त्याच्या आत वारा भरला तर पातेले वर उचलले जाईल. ही टाकी म्हणजे तसेच अजस्र लोखंडी पातेले होय. गॅस भरला की ती वर चढे, गॅस संपत आला की खाली बसे. ती वाकडी होऊ नये म्हणून तिच्या भोवती उंच लोखंडी खांबांचे वर्तुळाकार कडे उभारलेले असे. या कड्यांची गोष्ट पुढे येईल.

या वैभवाची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. सेंट पॅन्क्रसचा लोहमार्ग आणताना 1860 नंतरच्या दशकात एगर टाऊन नावाची गरिबांची अख्खी वस्ती पाडण्यात आली. हजारो माणसे बेघर झाली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे दायित्व कोणी घेतले नाही. एका जुन्या स्मशानभूमीतील थडगीही हलवावी लागली. त्या कामावर देखरेख करणाऱ्यांत टॉमस हार्डी हा तरुण वास्तुशिल्पी होता. पुढे तो कादंबरीकार म्हणून विख्यात झाला. तात्पर्य, ही जमीन प्रथम रेल्वेची झाली तीच मुळी कोणाची तरी घरे हिरावून.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कोठारास उतरती कळा लागली. माल मोटारींनी जाऊ लागला. घरोघरी कोळसा जाळणे कमी झाले. समुद्राच्या तळाखालचा नैसर्गिक वायू मिळू लागल्यावर कोळशापासून गॅस काढण्याचे प्रयोजन उरले नाही. वखारी ओस पडल्या, रुळांत गवत माजले. सेंट पॅन्क्रस स्थानकही पाडून टाकावे असा विचार चालला होता. परंतु जॉन बेट्जमन या कवीने आणि इतर रसिकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला आणि 1967 मध्ये त्या वास्तूस संरक्षण मिळाले. मोडीत काढण्यासाठी टपलेल्या वास्तूचे भाग्य कधी कसे पालटते पाहा. 2007 च्या नोव्हेंबरपासून त्याच छपराखालून समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला जाणाऱ्या गाड्या सुटू लागल्या!

ओस जागा म्हणजे निरुपयोगी जागा नव्हे. एका पडक्या कोळसाअंगणात झाडेझुडपे आपोआप उगवली होती. तेथे गाड्यांचा तळ करण्याचा बेत होता. तो मागे पडून 1985 साली तेथे कॅम्ली स्ट्रीट नावाचे छोटे निसर्गउद्यान उघडले. सुमारे दोन एकरांच्या या तुकड्यात लंडनच्या शाळांतील मुले तळ्यातील किडे आणि पाखरे पाहावयास येऊ लागली. शेजारच्या सोमर्स टाऊन मालधक्क्याच्या जागी 1998 मध्ये ब्रिटिश लायब्ररीची नवी इमारत खुली झाली. आपल्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. इंडिया ऑफिसचे दप्तर आणि जुन्या मराठी ग्रंथांचा व हस्तलिखितांचा मोठा संग्रह या ग्रंथालयात आहे. जेथे एके काळी बटाट्यांची पोती उतरत, त्या भूमीवर मराठी पोथी उलगडून अभ्यासक बसतो, हा योग आम्हांस मोठा चमत्कारिक वाटला.

मुख्य मालधक्क्याची जागा सुमारे 67 एकर होती. तेथे मुख्यतः कचेऱ्या बांधण्याची एक योजना 1980 नंतरच्या दशकात निघाली होती. परंतु शेजारच्या रहिवाशांनी विरोध केला, जमीनजुमल्याच्या बाजारात मंदी आली आणि ती योजना बारगळली. पुढे 2001 च्या सुमारास दुसऱ्या प्रकारे विचार सुरू झाला. नव्या बांधकाम संस्थेने आधी नकाशे न काढता चांगल्या नगरात काय असावे याची तत्त्वे सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि आसपासच्या लोकांची मते मागविली. या भागाच्या कारभारावर अधिकार असलेल्या कॅम्डेन नगरपरिषदेने 2006 मध्ये योजनेस परवानगी दिली.

या योजनेचे मर्म ‘मिश्र उपयोग’ या दोन शब्दांत आहे. शब्द नवे असले तरी कल्पना आपल्या घरचीच आहे. आमच्या लष्कर भागात बाड्याभोवती हिंडून पाहावे. खाली दुकान, वर बिऱ्हाड, पलीकडे देऊळ, कोपऱ्यावर शाळा, चार पावलांवर पेढी. सकाळपासून रात्रीपर्यंत रस्ता माणसांनी भरलेला असतो, म्हणून तो निर्भय असतो. उलट जेथे केवळ कचेऱ्या असतात तेथे सायंकाळी सामसूम होते, आणि जेथे केवळ घरे असतात तेथील लोकांस प्रत्येक कामासाठी दूर जावे लागते. किंग्ज क्रॉसच्या योजनेत म्हणूनच सुमारे 50 नव्या इमारती, 20 नवे रस्ते, 10 उद्याने व चौक आणि सुमारे 2000 घरे यांची सांगड घातलेली होती. एकूण जागेपैकी सुमारे चाळीस टक्के मोकळी ठेवावयाची होती.

अशा कामात चार गोष्टी क्रमाने कराव्या लागतात असे या उदाहरणावरून दिसते. पहिली, जमिनीची शुद्धी. गॅसच्या कारखान्यांच्या भूमीत डांबरासारखी विषारी द्रव्ये मुरलेली असतात. ती काढल्यावाचून तेथे मुलांनी खेळणे धोक्याचे. दुसरी, दळणवळण. येथे दोन मोठी स्थानके आणि भुयारी रेल्वे आधीच असल्यामुळे मोटारींसाठी फार जागा अडवावी लागली नाही. तिसरी, पैशाची व्यवस्था. जमीनमालकांनी जमीन एकदम विकून न टाकता बांधकाम संस्थेशी भागीदारी केली. त्यामुळे सर्वांनाच वीस-पंचवीस वर्षांचा विचार करणे भाग पडले. चौथी आणि आम्हांस विशेष भावलेली गोष्ट म्हणजे, महागड्या इमारती पुऱ्या होण्यापूर्वीच लोकांनी यावे अशी स्थळे निर्माण करणे.

त्यानुसार 2011 मध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कलाविद्यालय जुन्या धान्यकोठारात आणि त्यामागील शेडींत राहावयास आले. 2012 मध्ये कोठारासमोरचा चौक खुला झाला. होड्या जेथे लागत त्या जागी आता जमिनीतून हजाराहून अधिक कारंजी उडतात आणि उन्हाळ्यात लहान मुले त्यांत भिजतात. कोळशाच्या वखारींची 2018 मध्ये दुकाने झाली. टॉमस हेदरविक या रचनाकाराने दोन समांतर वखारींची छपरे मध्यभागी वाकवून एकमेकांस टेकविली आहेत. आणि ती गॅसच्या टाक्यांची कडी? ती सुटी करून, यॉर्कशर परगण्यात नेऊन, स्वच्छ व दुरुस्त करून परत आणली आणि कालव्याच्या काठी पुन्हा उभी केली. एका कड्याच्या आत हिरवळ आहे. एकमेकांत गुंतलेल्या तीन कड्यांच्या आत गोल आकाराची घरे बांधली आहेत.

आमच्या बालवाचकांस आवडतील अशा आणखी दोन गोष्टी सांगतो. बांधकाम चालू असता मुलांनी लोखंडी कचरापेट्यांत माती भरून भाजीपाला लावला होता. बांधकाम पुढे सरके तशी ही बागही उचलून दुसरीकडे नेत. दुसरी गोष्ट अशी की, 2015 मध्ये या वस्तीत नवी प्राथमिक शाळा उघडली आणि कर्णबधिर मुलांची एक जुनी शाळाही त्याच इमारतीत आली. ऐकू येणारी मुले तेथे खुणांची भाषा शिकतात आणि दोन्ही शाळांची मुले एकत्र खेळतात.

येथपर्यंतचे चित्र मनोहर आहे. परंतु नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे हे लेखकाच्या कर्तव्यास सोडून होईल. परवानगी देताना काही घरे अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी राखण्याचे ठरले होते. 2015 मध्ये त्यांची संख्या घटविण्यास नगरपरिषदेने संमती दिली. टाक्यांच्या कड्यांतील घरे तर सामान्य माणसाच्या स्वप्नातही परवडणारी नाहीत. सरकारचा जो वाटा होता, तो 2016 च्या आरंभी ऑस्ट्रेलियातील एका निवृत्तिवेतन निधीस विकण्यात आला. चौक सर्वांस खुला असला तरी त्याची मालकी खाजगी आहे आणि पहारेकरीही मालकांचे आहेत. तेथील काही कॅमेरे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे यंत्राने ओळखत होते, ही गोष्ट 2019 मध्ये उघडकीस आली तेव्हा मोठा गदारोळ उडाला. ज्या चौकात मूल कारंज्यात भिजते, तो चौक नेमका कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच तेथील नागरिक विचारीत आले आहेत.

आमच्या मते या हकीकतीचे सार असे आहे. जुनी वास्तू राखणे आणि जुन्या माणसाला राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी कुशल कारागीर आणि पैसा लागतो. किंग्ज क्रॉसने ते काम उत्तम केले. दुसऱ्या कामासाठी करारात आरंभीच ठाम अटी घालाव्या लागतात आणि त्या पाळल्या जातात की नाही यावर नागरिकांस वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते. तेथे ते अर्धेच साधले. एगर टाऊनच्या लोकांना 1860 नंतर कोणी विचारले नव्हते. या वेळी लोकांना विचारले खरे, पण दिलेला शब्द पुढे सैल झाला.

आमच्या गावातील छोट्या रुळांच्या जागेचे काय व्हावे, हे ठरविणे आम्हा शाळेतील मंडळींच्या हाती नाही. परंतु आज वर्गात बसलेली मुले उद्या नागरिक होतील, कोणी अभियंता होईल, कोणी नगरसेवक. जेव्हा केव्हा रुळांच्या जागेचा नकाशा त्यांच्यापुढे पसरला जाईल, तेव्हा त्यांनी चार साधे प्रश्न विचारावेत. यातील जुने काय राहणार? मुलांना खेळावयास मोकळी जागा किती? येथे कोणाची बिऱ्हाडे येतील आणि कोणाची उठतील? आणि चौकाची किल्ली कोणाच्या हाती असेल? दरम्यान एक काम मात्र आजच करता येण्याजोगे आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी त्या छोट्या गाडीतून प्रवास केला, त्यांच्याकडून तिच्या आठवणी ऐकून वहीत उतरवून ठेवाव्यात. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी अशा आठवणी आमच्याकडे आल्या, तर आम्हांस त्या छापण्यात आनंद वाटेल.