पात्रभर मान्ना
'आजचा विश्वास' लेखमाला : लेखांक ६

मागच्या आठवड्यात याकोबाच्या पत्राच्या आधारे आपण विश्वास आणि कृती यांचं नातं पाहिलं. त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. ही कृती कधीची? आपल्या मंडळ्यांत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की बहुतेक वेळा एखादं जुनं साल ऐकू येतं. अमुक साली दुखण्यातून उठलो, अमुक शिबिरात प्रभूला जीवन दिलं, आजोबांचा बाप्तिस्मा थेट मिशनरी साहेबांच्या हातचा. यातला शब्द न् शब्द खरा असतो, ऐकताना डोळेही भरून येतात. पण गेल्या पंधरा दिवसांत प्रभूनं तुमच्या हातून काय करवून घेतलं, असं विचारलं तर पुष्कळ जण घुटमळतात.

भूतकाळात रमण्याचा मोह पवित्र शास्त्राला चांगला ठाऊक आहे. गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात इस्राएल लोक रानात रडत बसले आहेत. त्यांना मिसरातल्या जेवणाची आठवण झाली आहे : मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. यादी अगदी तोंडाला पाणी सुटेल अशी आहे. मासे तर आम्हाला फुकट मिळायचे, असंही ते म्हणतात. त्या यादीत विटा मात्र नाहीत. पेंढा न देता तेवढ्याच विटा पाडून घेणारे मुकादम नाहीत, पाठीवरचे वळ नाहीत. आणि ज्या नदीच्या माशांसाठी त्यांचा जीव कासावीस होतो आहे, त्याच नदीत इब्र्यांचे तान्हे मुलगे फेकून देण्याचा फारोचा हुकूम होता, हे निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलेलं आहे. आठवण माणसाला अशी फसवते. गेलेल्या दिवसांतलं हवं तेवढं उचलते आणि त्याच्यापुढे आजचा दिवस बेचव करून टाकते.

आणि आजचा दिवस काय होता? रोज सकाळी दव सुकलं की जमिनीवर मान्ना दिसायचा. धण्याएवढा, पांढरा, चवीला मध घातलेल्या पोळीसारखा. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, गोळा करायचा. ऊन तापलं की तो विरघळून जायचा, म्हणून उठायचं आणि लगेच वेचायचं. काहींनी मोशेचं न ऐकता थोडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवला. त्यात किडे पडले, दुर्गंधी सुटली. देवानं दिलेलीच वस्तू, पण कालची. काल पोटभर वेचलं म्हणून आज टोपली घेऊन निघायचं टळलं नाही. प्रभू येशूनं शिष्यांना प्रार्थना शिकवली तेव्हाही आजच्या दिवसाची भाकर आजच मागायला सांगितली. मला तर त्या प्रार्थनेत या रानातल्या सकाळी ऐकू येतात.

मग आठवण ठेवायचीच नाही का? मान्नाची ही गोष्ट निर्गमाच्या १६ व्या अध्यायात आहे; त्याच अध्यायात याचं उत्तर आहे आणि ते फार सुंदर आहे. एका पात्रात ओमरभर मान्ना घालून तो पुढच्या पिढ्यांसाठी परमेश्वरापुढे जपून ठेवायला सांगितलं आहे. सगळ्या लोकांच्या सगळ्या वर्षांच्या आठवणीसाठी एकच पात्र! त्यातलं कुणी खायचं नव्हतं. ते पाहून मुलाबाळांना कळावं की रानात आपल्याला कुणी खाऊ घातलं. स्मरणाला देवानं जागा दिली, मानाची जागा दिली, पण तिची मापंही ठरवून दिली. पुढे यहोशवाच्या काळात लोकांनी गिलगाल येथे कनान देशाचं पीक खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात मोडली. त्या सकाळी काही म्हातारी माणसं तंबूबाहेर वाट पाहत थांबली असतील का, असं मनात येतं. देव थांबला नव्हता. त्याची खाऊ घालण्याची रीत बदलली होती.

पवित्र आठवणीचंसुद्धा ओझं होऊ शकतं, हे हिज्कीया राजाच्या गोष्टीत दिसतं. मोशेनं देवाच्याच सांगण्यावरून पितळी सर्प केला होता आणि त्याच्याकडे पाहून साप चावलेली माणसं वाचली होती. कित्येक शतकांनंतर यहूदाचे लोक त्या सर्पापुढे धूप जाळू लागले. हिज्कीयानं तो फोडून टाकला. याबद्दल शास्त्र त्याला कुठेही दोष देत नाही.

मला हे आपल्या मराठी मंडळ्यांबद्दल कळकळीनं म्हणायचं आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघालं. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत इस्पितळ उभं केलं. हा वारसा मोठा आहे आणि मुलांना तो सांगितलाच पाहिजे. पण 'मिशन होतं तेव्हा सगळं होतं' हे वाक्य आपल्या बैठकांत ज्या सुरात म्हटलं जातं, त्यात मला धुपाचा वास येतो. शताब्दीची स्मरणिका निघते, भिंतीवरच्या तसबिरींना नव्या चौकटी बसतात आणि चर्चच्या आवारापलीकडच्या वस्तीत कोण आजारी आहे हे पंचमंडळींपैकी एकालाही माहीत नसतं. वानलेसांचं नाव आपण घेतो ते त्यांनी त्यांच्या काळातल्या रोग्याला हात लावला म्हणून.

पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता. मागे वळून पाहायला अशा माणसाकडे वेळच वेळ असतो. पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो आपली कुळी सांगतो : आठव्या दिवशी सुंता, बन्यामीनाचा वंश, परूशी. त्याच दमात मंडळीचा छळ केल्याचंही सांगतो. त्याच्या भूतकाळात मिरवण्याजोगं होतं आणि मान खाली घालण्याजोगंही होतं. दोन्ही मागे टाकून तो पुढच्या ध्येयाकडे धावतो. आपल्यापैकी अनेक जण अभिमानापेक्षा अपराधाच्या भावनेनं मागे अडकलेले असतात. तारुण्यातली एखादी चूक, आईवडिलांशी शेवटपर्यंत न मिटलेलं भांडण. त्यांनी योहानाचा २१ वा अध्याय पुन्हा वाचावा. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला प्रभू तीनदा एकच प्रश्न विचारतो आणि दर वेळी काम सोपवतो, मेंढरांची काळजी घेण्याचं.

जुन्या जखमेचं आजचं काम कसं होतं, याचं पंडिता रमाबाईंइतकं जवळचं उदाहरण आपल्याकडे नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी देशभर हिंडत राहिल्या. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी गेले. आयुष्यभर दुःख कुरवाळत बसल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. उपासमारीनं हाडांचे सापळे झालेल्या, कुणाच्याही हाती लागतील अशा स्थितीतल्या शेकडो मुलींना त्यांनी सोबत आणलं. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. केडगावच्या शेतजमिनीवर मुक्तीसदन उभं राहिलं. तिथे मुली विणायला शिकल्या, शेती करायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि ते याच बायकांनी छापलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाई कामाला लागलेल्याच राहिल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं.

केडगावच्या दुष्काळग्रस्त मुलींच्या जागी आज आपल्या गावात कोण आहे? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मागे राहिलेली मुलं असतील. पुण्यामुंबईला गेलेल्या मुलांचे एकटे राहणारे आईवडील असतील, ज्यांना रविवारी उपासनेला आणायला गाडी मिळत नाही. तीन रविवार न दिसलेलं एखादं कुटुंब असेल. या आठवड्यात त्यातलं एक दार वाजवावं. कुटुंबप्रार्थनेत जुनी साक्ष जरूर सांगावी, पण तिच्या शेजारी या सात दिवसांतली एखादी गोष्टही ठेवावी, लहान असली तरी चालेल. घरातली मुलं ती जास्त लक्ष देऊन ऐकतील, कारण त्या दिवसांत तीही घरातच होती.

रोजचं रोज वेचायला सांगणाऱ्या देवानं सहाव्या दिवशी दुप्पट वेचायला आणि सातव्या दिवशी घरी बसायला सांगितलं. या विसाव्याचा अर्थ काय आणि तो आपल्या धावपळीत कसा पाळायचा, हे पुढच्या लेखात पाहू. त्याआधी निर्गमाचा १६ वा अध्याय पूर्ण वाचून ठेवावा.