प्रीॲम्प काढावा की ठेवावा?
ध्वनियंत्रांची जोडणी : लेखांक ६

डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारे यंत्र, आतून कसे चालते ते गेल्या लेखांकात पाहिले. त्यातून निघालेला सिग्नल थेट पॉवर ॲम्पला द्यावा की मध्ये प्रीॲम्प हवाच, यावर शौकिनांमध्ये दोन तट आहेत. वाटेत यंत्रे जितकी कमी तितका आवाज स्वच्छ, असे एक तट मानतो. प्रीॲम्प काढला की आवाजातला जीव जातो, असे दुसऱ्याचे म्हणणे. दोघेही कानाची साक्ष काढतात. पण या वादाचा मोठा भाग व्होल्टच्या साध्या हिशेबाने सुटतो. बहुतेक घरांत प्रीॲम्पच्या गेनची गरज उरलेली नाही, असे तो हिशेब सांगतो. प्रीॲम्प करत असलेली राखण मात्र दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावी लागते.

प्रीॲम्प अपरिहार्य ठरला तो तबकडीमुळे. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो, मूव्हिंग कॉइलमधून बहुधा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. १९५४ च्या आरआयएए प्रमाणानुसार ते पूर्ववत करावे लागतात. एवढे काम पॉवर ॲम्पच्या आवाक्यातले नव्हते. १९८२ मध्ये सीडी प्लेअर बाजारात आला आणि चित्र पालटले, कारण त्याचा सिग्नल कमाल पातळीला सुमारे २ व्होल्ट होता. आजचे बहुतेक डॅकही तेवढेच देतात. आता पॉवर ॲम्पची बाजू पाहू. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर २८.३ व्होल्ट लागतात. २६ डेसिबल, म्हणजे २० पट, गेन असलेल्या ॲम्पला त्यासाठी १.४ व्होल्ट पुरतात. घरात नेहमीच्या ऐकण्याला एखादा वॅटही खूप होतो, आणि त्याला लागतात फक्त ०.१४ व्होल्ट. म्हणजे डॅकचा सिग्नल वाढवायचा नसून तब्बल २३ डेसिबलने उतरवायचा असतो.

तो डिजिटल व्हॉल्यूमने उतरवला तर बिट वाया जातात, हा पहिला आक्षेप. तो निराधार नाही. दर ६ डेसिबलला एक बिट जातो, म्हणून २३ डेसिबलला जवळजवळ चार. पण १६ बिटांचे संगीत २४ बिटांच्या चौकटीत हाताळले तर आठ बिट, म्हणजे ४८ डेसिबल, शिलकीत असतात. खरी मर्यादा वेगळीच आहे. डिजिटल व्हॉल्यूम कमी केल्याने संगीत खाली येते, डॅकच्या ॲनालॉग भागाची खरखर मात्र आहे तिथेच राहते. तीही मोजून पाहू. १२० डेसिबल डायनॅमिक रेंजच्या डॅकची खरखर २ मायक्रोव्होल्ट असते, ॲम्पमधून ती ४० होते. २.८३ व्होल्टला ९० डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरमधून ती एक मीटरवर शून्य डेसिबलच्याही खाली, म्हणजे ऐकू येण्यापलीकडे, जाते. डॅक ९६ डेसिबलचा असेल तर तीच १७ डेसिबलवर येते आणि रात्रीच्या शांततेत स्पीकरला कान लावल्यास जाणवू शकते. स्पीकर हॉर्न जातीचा असेल तर आणखी स्पष्ट. तेव्हा आक्षेपाचे उत्तर आपला डॅक आणि आपला स्पीकर यांच्या आकड्यांत शोधायचे.

दुसरा आक्षेप असा, की डॅकला ॲम्प आणि लांब केबल पेलवत नाही. डॅकचा आउटपुट इम्पीडन्स साधारण काही शे ओहमपर्यंत असतो आणि ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स बहुधा १० हजार ओहम किंवा अधिक. एवढे अंतर पुरेसे आहे. डॅक १०० ओहमचा आणि पाच मीटर केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरॅड धरली, तर घसरण ३० लाख हर्ट्झच्या पुढे सुरू होते. आपले कान २० हजारांवर थांबतात. मग प्रीॲम्प जोडल्यावर आवाज भरदार का वाटतो? व्हॅल्व्हचा प्रीॲम्प स्वतःचे थोडे हार्मोनिक डिस्टॉर्शन मिसळतो. ते कुणाला आवडले तर त्यात गैर काही नाही, पण ती रुची झाली. दुसरे कारण पातळीचे. आवाज किंचित मोठा झाला की खर्ज अधिक भरतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. म्हणून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून दोन्ही जोडण्यांची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवल्याशिवाय केलेली तुलना ग्राह्य धरू नये.

थेट जोडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर किंवा वीज जाऊन आल्यावर व्हॉल्यूम कमालीला गेला, तर २ व्होल्टचे ४० व्होल्ट करायला निघालेला १०० वॅटचा ॲम्प क्लिप होतो आणि ट्वीटर जळू शकतो. संगणकाची एखादी सूचनाघंटाही पूर्ण ताकदीने बाहेर पडू शकते. डॅक चालू-बंद होतानाचा धक्का थेट स्पीकरपर्यंत पोहोचतो. म्हणून चालू करताना डॅक आधी आणि ॲम्प शेवटी, बंद करताना उलट. खेपेखेपेला वीज जाणाऱ्या गावात हा क्रम पाळणे आपल्या हाती नसते, सगळे एकदम चालू होते. यावर स्वस्त उपाय आहे. प्रत्येक चॅनलला दोन रेझिस्टरांचा, १२ डेसिबलचा ॲटेन्युएटर डॅक आणि ॲम्पच्या मध्ये बसवला, की २ व्होल्टचा अर्धा व्होल्ट होतो, ॲम्पमधून १० व्होल्ट आणि फार तर १२.५ वॅट बाहेर पडतात. दिवाणखान्याला ते पुष्कळ झाले. डॅकची खरखरही चौथाईवर येते. ॲम्पवर गेन कमी करण्याची सोय असेल तर हेच काम तिथे होते.

निवड कशी करावी, हे यावरून ठरते. एकच डिजिटल स्रोत, चांगल्या डायनॅमिक रेंजचा डॅक आणि मध्ये ॲटेन्युएटर असेल, तर प्रीॲम्पचे पैसे स्पीकरवर घालावेत. टर्नटेबल, ट्यूनर अशी दोन-तीन यंत्रे असतील, किंवा व्हॉल्यूमची कळ हाताशीच हवी असेल, तर प्रीॲम्प जरूर ठेवावा. अशा प्रीॲम्पकडूनही गेन कमी आणि खरखर त्याहून कमी, एवढेच मागावे. पुढच्या लेखांकात हा ॲटेन्युएटर किती ओहमचा घ्यावा आणि बॅलन्स्ड जोडणीत तो कसा बदलतो, ते पाहू.