जवळा, कुळीथ आणि पावडरचा डबा

मामी जवळा निवडायला बसते ती सूप उन्हात घेऊनच. वाळूचे कण, शिंपल्याची कपची, केसाएवढा काटा वेचून झाला की जवळा तव्यावर कोरडाच भाजायचा, वास सुटला की पाण्यातून काढून घट्ट पिळायचा. मग कांदा, मिरची, आमसूल. श्रीवर्धनात हे घरोघर चालतं, पण यंदा आमच्याकडे ते वजनकाट्यावर मोजून चाललं होतं. मामा पोफळीवरून पडले होते. नडगीचं हाड मोडलं, आत सळई बसवली.

भेटायला येणारा प्रत्येकजण काहीतरी आणी. कुणी कांडवेल, कुणी पायाचं सूप, मुंबईच्या जावयाने अमिनो आम्लांच्या पावडरचा डबा.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. क्षार बसतात ते कोलॅजेनच्या जाळीवर, आणि कोलॅजेन तयार होतं ग्लायसीन, प्रोलीन, लायसीन अशा अमिनो आम्लांपासून. ते पक्कं व्हायला क जीवनसत्त्वही लागतं. पायाच्या सुपात कोलॅजेन असतं खरं, पण ते थेट हाडात जाऊन बसत नाही. पोटात त्याचेही तुकडेच होतात. शिवाय कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतंच. सूप प्यावं, चवीला झकास असतं.

पावडरची मात्र मी चेष्टा करणार नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात हाडांची शस्त्रक्रिया झालेल्या ४०० रुग्णांवर चाचणी झाली, ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. काहींना नेहमीच्या जेवणाबरोबर दोन आठवडे, दिवसातून दोनदा अमिनो आम्लं दिली. त्यांच्यात हाड न जुळण्याचं प्रमाण ५.१ टक्के होतं, न दिलेल्यांत १३.२. पण हे सगळं जेवणाबरोबर, जेवणाऐवजी नव्हे.

आणि मामांचं जेवण म्हणजे भाताचा डोंगर! साठ किलोच्या माणसाला एरवी दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं पुरतात. अशा दुखण्यात सत्तर ते नव्वद लागतात. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातातून मिळतात जेमतेम चार. भातात लायसीन कमी, ते कुळथात भरपूर. कुळथात मेथिओनीन कमी, ते भात भरून काढतो. म्हणून कुळथाची पिठी भाताबरोबर रोज, सकाळी दोन अंडी, दुपारी जवळा. सुक्या जवळ्याचं निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचंच असतं. एवढी प्रथिनं द्यायची म्हणून मामांची किडनी ठणठणीत आहे, हे आधी रक्त तपासून पाहिलं होतं.

खरं भांडण झालं ते पानावरून. "अहो, तंबाखू हाडाला जुळू देत नाही, डॉक्टर काय म्हणाले?" मामीने पुडी उचलली. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, मोडलेल्या जागी रक्त कमी पोचतं. मामांनी घरच्या रोठा सुपारीच्या खांडाची मागणी केली, तीही फेटाळली गेली.

डबा वाया गेला नाही. सुरुवातीला औषधांनी तोंड कडू होतं, घास उतरत नव्हता, तेव्हा मामी ताकात चमचाभर पावडर ढवळून देई. भूक परतल्यावर तिने डब्याचं झाकण लावलं आणि जवळा वाढवला.