सहीच्या कागदाची पारख

नाटकांची जुनी तिकिटे, हँडबिले आणि जाहिरातीचे कागद जमविणे हा पूर्वी केवळ हौसेचा मामला होता. आता त्यांची खरेदी-विक्रीही होते, आणि कलावंताची सही असली की भाव वाढतो. आपल्या बांधवांपैकी कोणी रद्दीचा धंदा करतात, कोणी फ्रेमा बनवितात, कोणी बाइंडिंग करतात. असा कागद त्यांच्या हातून रोज जात असेल. म्हणून त्याची पारख हवी.

एकपात्री विनोदी प्रयोगाचा माल वेगळा असतो. मोठ्या नाटकात दहा नट, दहा सह्या. एकपात्रीत सगळा खेळ एकाच माणसाचा. तो गेला की पुरवठा कायमचा बंद.

पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली निघाले. १९६१ पासून त्यांनी ते एकट्याने रंगमंचावर सादर केले. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले. तेव्हा कोणी सही केलेली प्रत आणली तर आधी आतल्या पानावर आवृत्तीचे साल पाहावे. आवृत्ती २००० नंतरची असेल तर ती सही त्यांची असूच शकत नाही. ही पारख फुकट होते आणि कधी चुकत नाही.

औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकटेच बावन्न पात्रे उभी करीत. या प्रयोगाची गिनीज बुकात नोंद झाली. ते २००९ साली गेले. पुढे हाच प्रयोग संदीप पाठक करू लागले. म्हणजे नाव एक, माल दोन. तिकिटावर फक्त ‘वऱ्हाड’ वाचून सौदा करू नये. तारीख, थिएटर आणि कलावंताचे नाव पाहावे.

ताग्यावर गिरणीचा छाप असला तरी आम्ही कापडवाले सूत बोटाने चाचपून पाहतो. सहीचेही तसेच आहे. बॉलपेनची सही कागदाच्या मागे बोटाला लागते. छापील सही लागत नाही. भिंगातून पाहिल्यास खऱ्या सहीत एक रेघ दुसरीवरून गेलेली दिसते. पण हे झाले सही हाताची आहे की छापील, एवढेच. हात कोणाचा, हे कळण्यासाठी खात्रीची दुसरी सही शेजारी ठेवावी, आणि कागद कोणाच्या घरून आला ते विचारून लिहून ठेवावे. ज्याची हकीकत सांगता येते त्या मालाला गिऱ्हाईक विश्वासाने हात लावते.

कागद सांभाळणे कापडापेक्षा नाजूक. दुकानाच्या काचेत ठेवलेले कापड उन्हाने विटते, तशीच शाईही उडते. चिकटपट्टी लावू नये, तिचा पिवळा डाग जात नाही. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा सुटत नाही. टाचणी गंजते, ती काढून टाकावी. वर्तमानपत्रात गुंडाळू नये. भिंतीवर झेरॉक्स लावावी, अस्सल कागद कोरड्या जागी सपाट ठेवावा.

या मालाला ठरलेला बाजारभाव नाही, म्हणून दुकानाचे भांडवल यात अडकवू नये. विकताना पावतीवर जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. सहीची खात्री नसेल तर गिऱ्हाइकाला तसे तोंडावर सांगावे. चार पैसे कमी येतील, पण गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येईल.