नालबंदाला पुन्हा शाळेत कशाला बसवायचं?

घोड्याच्या खुरांची देखभाल करणाऱ्याने दरवर्षी काही तास नव्याने शिकण्यासाठी द्यायचे, नाहीतर मान्यता किंवा सभासदत्व जाणार, असा नियम युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच व्यावसायिक संघटनांनी स्वतःहून घालून घेतला आहे. घोडेमालकांना तो अनाठायी वाटतो आणि पुष्कळदा नालबंदांनाही. ‘वीस वर्षं हेच करतोय, आता नवीन काय शिकणार?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण त्याच्या मुळाशी काही समज आहेत आणि ते तपासले की एकेक गळून पडतात.

‘अनुभवासारखा गुरू नाही’

हा सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज. खुराची भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. पुढच्या बाजूला केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवी भिंत उतरायला जवळजवळ वर्ष लागतं. आज कानस थोडी जास्त चालली, टाच एका बाजूला जरा खाली गेली, तर घोडा संध्याकाळी लंगडत नाही. परिणाम हळूहळू, काही महिन्यांनी दिसतो. तोवर ऋतू बदललेला असतो, चारा बदललेला असतो, कधी मालकही बदललेला असतो. केलेलं काम आणि झालेला त्रास यांचा संबंध मग कोण जोडणार? सुताराला चुकीचा सांधा तिथल्या तिथे कळतो, नालबंदाला ती सोय नाही. म्हणून तीच चूक वीस वर्षं होत राहिली तर हात सफाईदार होतो आणि चूक जागच्या जागी राहते.

तिला बाहेर काढायला दुसऱ्याची नजर लागते. चांगल्या प्रशिक्षणात म्हणूनच खूर तासण्याआधीचे आणि नंतरचे फोटो ठरावीक कोनातून काढून समव्यावसायिकांपुढे ठेवावे लागतात. पशुवैद्यकासोबत बसून एक्स-रे वाचायला शिकवतात, कारण तळव्याची जाडी किती आणि आतलं हाड कुठल्या कोनात आहे हे बाहेरून केवळ अंदाजानेच सांगता येतं. मेलेल्या घोड्याचा पाय उभा कापून आतली रचना दाखवतात. वर्षानुवर्षं बाहेरून हाताळलेला खूर असा आतून पाहिला की ‘आपण इतकी वर्षं नक्की काय कापत होतो’ हा प्रश्न आपसूक उभा राहतो, आणि तो कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवतो.

‘खूर तोच, मग शास्त्र कसं बदलेल?’

खूर तोच आहे, आपलं ज्ञान बदललं आहे. लॅमिनायटिस या दुखण्याचंच पाहा. खुराच्या आत जे शेवटचं हाड असतं, ते बाहेरच्या भिंतीला पानांसारख्या असंख्य नाजूक घड्यांनी जोडलेलं असतं. चारपाचशे किलोंचा देह या जोडणीवर तोललेला असतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर येतो. ही जोडणी सैल झाली की हाड भिंतीपासून सुटतं, फिरतं किंवा खाली खचतं. घोड्याला उभं राहणं असह्य होतं आणि वेदना हाताबाहेर गेल्या की अनेकदा त्याला दयामरण द्यावं लागतं.

पूर्वी या दुखण्याचा संबंध मुख्यतः धान्याचं अजीर्ण आणि त्यातून आतड्यात होणारा बिघाड यांच्याशी जोडत. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तातलं इन्सुलिनचं प्रमाण सतत खूप वाढवून ठेवलं. साखर मात्र नेहमीच्या पातळीवर ठेवली. तीन दिवसांच्या आत त्या तट्टांना लॅमिनायटिस झाला. पुढे मोठ्या घोड्यांवरही तेच दिसलं. आज या दुखण्याचा मोठा वाटा इन्सुलिनच्या आणि संप्रेरकांच्या बिघाडाशी निगडित मानला जातो. चरबी साठलेली मान, साखरेने भरलेलं कोवळं गवत, व्यायामाचा अभाव या गोष्टींकडे म्हणूनच लक्ष द्यावं लागतं. दुखणं सुरू होण्याच्या टप्प्यावर पाय बर्फाच्या पाण्यात ठेवल्याने त्या घड्यांचं संरक्षण होतं, हेही 2004 मधल्या प्रयोगानंतर ठळकपणे पुढे आलं.

आता 1995 मध्ये शिकून बाहेर पडलेल्या माणसाचा विचार करा. हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. आणि दर पाच-सहा आठवड्यांनी घोड्याचे चारही पाय हातात घेणारा माणूस तोच आहे. भिंतीवर उमटलेली वेडीवाकडी वलयं, तळवा आणि भिंत यांच्यामधली रुंदावलेली पांढरी रेषा ही आधीची चिन्हं मालकाच्या किंवा डॉक्टरांच्या कितीतरी आधी त्याच्या नजरेस पडू शकतात. अर्थ माहीत असेल तर तो रक्त तपासून घ्यायला सांगेल. नसेल तर वलयं कानशीने गुळगुळीत करून देईल, आणि मालक खूश होईल.

‘परदेशात कायदाच आहे, तिथे प्रश्न मिटला’

मिटलेला नाही. ब्रिटनमध्ये 1975 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय घोड्याला नाल ठोकणं हा गुन्हा आहे. तिथे काही वर्षांची उमेदवारी करून परीक्षा द्यावी लागते आणि पुढे वरच्या पातळीच्या आणखी दोन पदव्या मिळवता येतात. पण त्या कायद्यातली व्याख्या नालेपुरती आहे. नाल न ठोकता केवळ खूर तासणारे तिच्या बाहेर राहतात. जर्मनीने 2006 च्या कायद्याने अशांनाही नालबंदाची पात्रता सक्तीची करून पाहिली, तर पुढच्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द ठरवली. अमेरिकेत नालबंदीसाठी सरकारी परवानाच नाही. तिथल्या संघटनांच्या परीक्षा ऐच्छिक आहेत.

म्हणजे बिननालेच्या घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या बाबतीत, बहुतेक ठिकाणी, मालकाला आधार काय तो संघटनेने स्वतःवर लादून घेतलेल्या अटीचा. त्या अटीला जाचक म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

‘तास भरले की झालं’

ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांना वर्षाला 35 तासांचं सततचं शिक्षण बंधनकारक आहे. खुरांच्या क्षेत्रातही तास किंवा गुण मोजतात. मोजायला ते सोपं पडतं, पण सभागृहात मागच्या रांगेत बसूनही तास भरतात. माझ्या मते नालबंदाने त्या वर्षात कुणाच्या हाताखाली, किती अवघड घोड्यांवर काम केलं आणि कुणाकडून आपलं काम तपासून घेतलं, हे विचारणं जास्त मोलाचं आहे.

‘फार शिकला की डॉक्टरकी करायला लागतो’

उलट आहे. कुठे थांबायचं हे न शिकलेल्याला कळत नाही. आजाराचं निदान आणि औषधोपचार हे पशुवैद्यकाचं काम, ही सीमा चांगल्या अभ्यासक्रमात पुन्हा पुन्हा शिकवली जाते.

‘आपल्याकडे हे पिढीजात असतं, शिकवायचं काय?’

महाराष्ट्रात नाल ठोकणं आणि बैलांना पत्री मारणं हे बापाकडून मुलाकडे आलेलं कसब आहे. त्या हातांचं कौशल्य खरं आहे, ते कुठल्या वर्गात मिळत नाही. मात्र नालबंदांची नोंदणी करणारा ब्रिटनसारखा कायदा भारतात नाही. लष्कराच्या मेरठच्या पशुवैद्यकीय केंद्रात नालबंद तयार होतात, ब्रूक इंडियासारखी संस्था कष्टकरी घोडे-गाढवांसाठी स्थानिक नालबंदांना प्रशिक्षण देते. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या वकुबावर. आणि परिस्थिती तर इथेही बदलतेच. माथेरानच्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आले तेव्हा घोडे घसरतात म्हणून तिथल्या घोडेवाल्यांनी तक्रार केली. अशा गुळगुळीत पृष्ठभागावर कुठली नाल चालेल, याचं उत्तर वडिलांच्या शिकवणीत असण्याचं कारण नाही, कारण वडिलांच्या वेळी तो रस्ताच नव्हता.

अडचण पैशाची आहे. प्रशिक्षणाला जायचं तर नालबंदाचा दिवस बुडतो, आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी त्याला कुणी देत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडे असतात, मालक असतात आणि नालबंदही कामानिमित्त येतातच. पशुसंवर्धन विभागाने किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी तिथेच दोन दिवसांची कार्यशाळा भरवावी, त्या दोन दिवसांची मजुरी द्यावी आणि मालकांनाही शेजारी बसवावं.