डोंगरी ओढ्यांतील गाळवहन व क्षरण (कर्जत–खालापूर)

अरण्याच्छादित तीव्र उतारांवरील ओढ्यांत पाण्याबरोबर होणारी दगडगोटे, वाळू व माती यांची हालचाल आणि तीमुळे होणारी तळाची व काठांची झीज. या दोन्ही क्रिया रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत स्पष्ट दिसतात. पूर्वेस सह्याद्रीचा कडा, पश्चिमेस माथेरानची डोंगररांग (उंची सु. ८०० मी.) आणि त्यांच्या पायथ्यांवरून वाहणाऱ्या उल्हास व पाताळगंगा या नद्या, अशी येथील भूरचना आहे. खडक बेसाल्टाचा असून माथेरानच्या माथ्यावर जांभा आढळतो. तेथे वर्षाला सु. ५,००० मिमी. पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. उन्हाळ्यात कोरडे पडणारे हे ओढे वर्षभराचे गाळवहन पुराच्या मोजक्या दिवसांत उरकतात.

बारीक माती पाण्यात तरंगत जाते; वाळू उड्या घेत, तर गोटे तळावरून गडगडत जातात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर हलू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या दगडाचे वजन सैद्धांतिक दृष्ट्या ६४ पट होते. एरवी अचल वाटणारे धोंडे एका पुरात जागा बदलतात, ते यामुळेच. साध्या पुरात मात्र लहान कण वाहून जाऊन मागे राहिलेल्या गोट्यांचा थर तळाला चिलखतासारखे जपतो. उघड्या खडकात भोवऱ्यांतील गोट्यांच्या घर्षणाने रांजणखळगे पडतात. पायथ्याशी उतार कमी होताच प्रथम धोंडे, मग खडी व वाळू मागे राहतात. गढूळपणा तेवढा खाडीपर्यंत पोहोचतो.

अरण्याचे कार्य दुहेरी आहे. पालापाचोळा थेंबांचा मारा झेलतो व पाणी जमिनीत मुरू देतो. कारवीची दाट झुडपे आणि वृक्षांची मुळे माती धरून ठेवतात. ओढ्यात आडवे पडलेले ओंडके गाळ अडवतात, पण ते फुटल्यास साठलेला गाळ एकदम सुटतो. वृक्षतोडीनंतर जुनी मुळे काही वर्षांत कुजतात. म्हणून उतार ढासळण्याचा धोका तोडीनंतर लगेच नव्हे, तर काही वर्षांनी वाढतो.

तथापि अरण्य असले म्हणजे दरड कोसळत नाही, हा समज चुकीचा आहे. कठीण खडकावरील झिजलेल्या मातीच्या थरात पाणी साचून दाब वाढला, की मुळांच्या आवाक्याखालचा थर झाडांसह घसरतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री अतिवृष्टीत इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती दरडीखाली गाडली गेली. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने अवजड यंत्रे नेता आली नाहीत व शोधकार्य मुख्यतः हातांनी करावे लागले. २७ मृतदेह मिळाले. ५७ व्यक्ती बेपत्ता असताना २३ जुलैस शोध थांबविण्यात आला.

अशा दरडीचा राडारोडा ओढ्यांना पुढील अनेक पावसाळे पुरतो. धरणाच्या जलाशयात तो साचला, तर साठवणक्षमता घटते. नवी मुंबईस पाणी पुरविणारे, धावरी नदीवरील मोरबे धरण खालापूर तालुक्यातच आहे.