दळवी-कुलकर्णी : एका जोडीची कारकीर्द

मराठी रंगभूमीवर लेखक-दिग्दर्शकाची एवढी टिकलेली जोडी मला दुसरी दिसत नाही. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी, दोघेही तेव्हाच्या औरंगाबादचे. तिथल्या ‘जिगीषा’ संस्थेत घडले, मग सगळा गट मुंबईत आला.

१९९१ मध्ये या जोडीचं ‘चारचौघी’ हे नाटक आलं. त्यातला विद्याचा फोन आठवा! पलीकडे नवरा, तो ना दिसतो ना ऐकू येतो. रिसीव्हर धरून ती एकटी बोलत राहते. पलीकडचं वाक्य आपल्याला तिच्या थांबण्यातून कळतं. हे थांबणं लेखकानं पेरलेलं आणि दिग्दर्शकानं मोजूनमापून जपलेलं. विद्याच्या भूमिकेत आधी वंदना गुप्ते, २०२२ च्या नव्या संचात मुक्ता बर्वे.

कुलकर्णींचं दुसरं मोठं काम म्हणजे १९९४ मध्ये ‘आविष्कार’ या संस्थेसाठी सलग बसवलेली महेश एलकुंचवारांची ‘वाडा’ नाट्यत्रयी. पुढे त्यांनी ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा रंगमंचावर आणलं. जुनं नाटक नव्या नटांसह परत उभं करणं हेही दिग्दर्शकाचं अस्सल काम आहे, असं माझं ठाम मत.

नव्यानं लिहिणाऱ्यांनी ‘चारचौघी’ची संहिता जरूर वाचावी.